सटवाजी सरकट्यांचं पाणी

सटवाजी सरकट्यांना कुणी विचारलं, काय काम करता, तर ते नोकरीचं नाव घेत नसत. "गर्भ काढतो," असं म्हणत. ऐकणारा दचकला की मग खुशीत येऊन सांगत, "कोंबडीच्या अंड्यातला हो."

हिंगोलीतल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते बावीस वर्षं परिचर होते. काचा धुणं, सांगाड्यांवरची धूळ पुसणं, रंगाच्या बाटल्या भरणं, डिस्टिल वॉटर करणं ही पगाराची कामं. ऐट मात्र एकाच कामाची होती. बी.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी कोंबडीचा तेहतीस तासांचा गर्भ बघावा लागतो. अंडं फोडायचं, बलक कोमट मिठाच्या पाण्यात अलगद सोडायचा, त्यावर रुपयाएवढं पांढुरकं वर्तुळ असतं ते बारीक कात्रीनं गोल कापायचं, कागदाच्या कड्यावर उचलायचं आणि काचेवर पसरायचं. दुधावरची साय सुरकुती न पाडता उचलण्यासारखं हे काम. शिकवणाऱ्यांच्या हातून दहातले सहा फाटत. सटवाजींच्या हातून बावीस वर्षांत किती फाटले ते बोटांवर मोजता आलं असतं, पण मोजायची कुणाची हिंमत नव्हती. बाहेरगावचे परीक्षक आले की खुर्चीत बसायच्या आधी विचारत, "सटवाजी आहेत ना आज?"

विभागप्रमुख किशनराव सर वर्गात सांगत, "पुस्तक माझ्याकडून शिका, हात सटवाजींकडून." हे वाक्य सटवाजींनी घरी इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांची बायको नर्मदाबाई भाकरी थापता थापता त्याचा उरलेला अर्धा भाग स्वतःच पुरा करी.

आणि जुलैत ऐश्वर्या आली.

पोरगी नरसीची. बाप सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवतो, आई दारात गावरान कोंबड्या पाळते. वय चोवीस. किशनराव सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं, आणि येण्याआधी हैदराबादला दोन महिने राहून काम शिकून आलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं खिडकीजवळचं टेबल घेतलं आणि तासाभरात बारा गर्भ काढून ठेवले. तेही तेहतीस तासांचे नव्हते, अठरा तासांचे, जे डोळ्याला धड दिसतसुद्धा नाहीत. कात्री नाही, कागदाचं कडं नाही, घरी घासून केलेली तारेची सुई तेवढी. एकही फाटला नाही. सटवाजी हातात ट्रे घेऊन दारात उभे होते. बी.एस्सी.ची पोरं तिच्या टेबलाभोवती जमली होती, आणि किशनराव सर मान वळवून म्हणाले, "सटवाजी, आता तुम्हाला जरा आराम!"

माणसाला एक वेळ शिवी द्यावी, पण न मागता आराम देऊ नये. सटवाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ते त्या दिवशी स्वतःशी आठ-दहा वेळा म्हणाले आणि घरी येऊन नर्मदाबाईंना आणखी दोनदा म्हणाले.

यानंतर त्या पोरीचं एकही काम त्यांना सरळ दिसेना. आधी अंडी सटवाजी आणत, उबवणी केंद्रातून, पावतीसकट. आता ती आईच्या कोंबड्यांची अंडी भुशाच्या डब्यात घालून आणी. "काका, जरा ट्रे देता का?" असं ती म्हणे, तर यांना त्यात हुकूम ऐकू येई. ती चहा विचारी, तर यांना वाटे, आपल्याच प्रयोगशाळेत आपल्यालाच पाहुणा करून राहिली. खरं सांगायचं तर पोरगी स्वभावानं गरीब होती. पण हेवा करणाऱ्याला समोरच्याचा स्वभाव काय कामाचा? उलट ती उद्धट असती तर सटवाजींना सोपं गेलं असतं.

त्यातून एक जास्त खोल दुखणं होतं. त्यांची लेक कोमल ऐश्वर्याच्याच वयाची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वारंगा फाट्याचं स्थळ आलं, मुलाचं हॉटेल चांगलं चालतं म्हणून सटवाजींनीच घाईनं लग्न उरकलं. कोमलचा हातही बापावर गेलेला. ती आता फाट्यावर नवऱ्याच्या हॉटेलात कांदे चिरते, आणि एकसारखे चिरते. जीप चालवणाऱ्या बापाला जे सुचलं ते आपल्याला काहून सुचलं नाही, हा प्रश्न सटवाजींना ऐश्वर्याकडे पाहिलं की पडे, आणि त्याचा राग ते ऐश्वर्यावरच काढत.

डिसेंबरात तिचे खरे प्रयोग सुरू झाले आणि तिथंच गाडी अडली. रोज काहीतरी बिघडे. ती रोज नव्यानं अंडी लावी, रोज दोन काचेच्या बशा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वाकून बसे, आणि रोज मान हलवत उठे. सटवाजींना पहिले काही दिवस फार बरं वाटलं. त्या काळात त्यांची भूकसुद्धा वाढली होती, असं नर्मदाबाई सांगतात.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी ते मोरीत काचा धूत होते. ऐश्वर्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. चेहरा उतरलेला. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्याशी बोलू लागली.

"काका, मी करते काय, ते सांगू का तुम्हाला? बघा, अंड्यात पहिल्या दिवशी गर्भ म्हणजे पेशींचा नुसता एक पातळ थर असतो. पेशी एकमेकींना धरून असतात. प्रत्येकीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला कॅड्हेरिन म्हणतात. त्याला हात समजा. शेजारणीच्याही अंगावर तसेच हात. हातात हात."

"फुगडीवानी," सटवाजी म्हणाले.

"व्हय, फुगडीवानीच! पण साऱ्या जणी हात धरूनच उभ्या राहिल्या तर कोंबडीचं पिल्लू कसं होईल? काहींना हात सोडून आत जावं लागतं. त्यांचं पुढं काळीज होतं, आतडं होतं, हाडं होतात. मग हे हात कोण सोडवतं? तर काही एन्झाइम असतात. ते हात कापतात. ज्या वेळी पाहिजे त्याच वेळी, जिथं पाहिजे तिथंच. जास्त कापलं तर गर्भ विस्कटतो, नाही कापलं तर तिथंच अडतो."

"मंग तुझं अडलं कुठं?"

"माझं अडलं अगदी पहिल्या पायरीला. या हातांना कॅल्शियम लागतं. कॅल्शियम असलं की हात ताठ राहतो, त्याच्यावर एन्झाइमची कात्री चालत नाही. कॅल्शियम काढून घेतलं की हात लुळा पडतो, मग तो कापला जातो. म्हणून मी दोन बशा करते. एकीत कॅल्शियम, एकीत नाही. दोन्हींत एकच एन्झाइम. कॅल्शियम नसलेल्या बशीत पेशी सुट्या व्हायला पाहिजेत. होतच नाहीत, काका. दोन्ही बशांत गठ्ठेच्या गठ्ठे. एन्झाइम नवीन मागवलं, अंडी बदलली, उबवणीची पेटी तपासली. पंधरा मार्चला विद्यापीठाची समिती येणार आहे. तोवर हे नाही दाखवलं तर सर म्हणाले विषय बदलावा लागंल."

"आन् हे कॅल्शियम दिसतं कसं?" सटवाजींनी सहज विचारलं.

"अहो, आपल्या बोअरच्या पाण्यात काय असतं? घागरीला पांढरं बसतं बघा, खडबडीत. तेच ते."

सटवाजींच्या हातातली काचेची नळी मोरीत पडली. फुटली नाही, पण ऐश्वर्या म्हणाली, "काका, लागलं का?"

लागलं होतं, पण हाताला नाही. डिस्टिल वॉटर करायचं यंत्र मागच्या कोठीत होतं आणि कोठीची किल्ली सटवाजींच्या कमरेला. दिवाळीच्या सुटीत यंत्राची कॉइल जळाली होती. नव्या कॉइलचा अर्ज ऑफिसात कुठल्यातरी फायलीखाली दबला होता. तोवर काम अडायला नको म्हणून सटवाजींनी सोपी वाट काढली होती. स्टाफसाठी रोज फिल्टर पाण्याचा जार येई, त्यातलंच पाणी डिस्टिलच्या कॅनमध्ये ओतून ठेवत. अख्खं गाव ते पाणी शुद्ध म्हणून पितं, लग्नात तेच, दवाखान्यात तेच. काचा रंगवायला, बाटल्या भरायला ते चालूनही गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही. पण जारवाल्याचं फिल्टर किती गाळतं ते चहाच्या पातेल्याला विचारावं. स्टाफरूमच्या पातेल्याच्या बुडाला बोटभर पांढरा थर होता.

म्हणजे पोरगी कॅल्शियम नसलेल्या बशीत रोज सटवाजींच्या हातचं कॅल्शियम ओतत होती.

त्यांना तिथल्या तिथं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम. तोंड उघडलंही त्यांनी. तेवढ्यात ऐश्वर्या स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाली, "मला वाटतं गर्भ काढतानाच माझा हात चुकून राहिला."

सटवाजींचं तोंड मिटलं. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकायला ते जुलैपासून उपाशी होते.

चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवसापासून ते कोठीला दोनदा कुलूप ओढून बघू लागले. घरी नर्मदाबाई चिंचेनं पातेलं घासत बसल्या की हे उठून बाहेर जात. कधी मनाशी म्हणत, मला काय कळतं त्यातलं, मी साधा परिचर. कधी म्हणत, एवढी हैदराबादहून शिकून आली, पाणी तपासायचं तिला सुचू नये? आणि तिला का सुचलं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. कॅनवर सटवाजींच्या वळणदार अक्षरात 'डिस्टिल वॉटर' लिहिलेलं होतं. त्या पोरीनं एन्झाइमवर शंका घेतली, आईच्या कोंबड्यांवर घेतली, शेवटी स्वतःवर घेतली. त्या अक्षरावर तिनं शंका घेतली नाही.

आठ मार्चला ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, उद्या तुम्ही गर्भ काढून द्याल? सर म्हणतात तुमचा हात बघावा एकदा."

आता ऐका, हेवा माणसाला कुठवर नेतो ते. त्या संध्याकाळी सटवाजी बस स्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात गेले आणि बॅटरीत घालायच्या डिस्टिल वॉटरचे दोन मोठे डबे स्वतःच्या पैशानं घेतले. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कॅन ओतून दिला, तीनदा विसळला आणि त्यात ते पाणी भरलं. पोरीचं भलं व्हावं म्हणून नाही. आपल्या हाताचं नाव व्हावं म्हणून.

नऊ तारखेला त्यांनी अठरा तासांचे सहा गर्भ काढले. हात तोच होता, जुना, खात्रीचा. ऐश्वर्यानं त्या दिवसाच्या पाण्यात द्रावणं केली, बशा लावल्या, अर्ध्या तासानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडली, "सुटल्या!"

किशनराव सर धावत आले. पोरं आली. सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं. एका बशीत गठ्ठे, दुसरीत मोहरीसारख्या गोल गोल सुट्या पेशी. सर म्हणाले, "बघा! मशीन आणा नाहीतर हैदराबादचं शिक्षण आणा, हात म्हणजे सटवाजींचाच!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ऐश्वर्यानंही वाजवल्या, मनापासून. सटवाजींनी मान खाली घातली तर लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी तिनं चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेल्या आपल्या तारेच्या सुया आणून त्यांच्या हातात दिल्या. "ठेवा काका. माझ्याजवळ राहून काय उपयोग?"

अकरा तारखेला दुपारी सटवाजी जेवून आले तेव्हा ती खिडकीशी एकटीच होती. एकच सुई ठेवून घेतली होती, त्या सुईनं एक गर्भ काढत होती. सटवाजी दारात थांबले. सुई पांढऱ्या वर्तुळाच्या कडेला लागली, घसरली, आणि गर्भ मधोमध फाटला. तिनं दुसरं अंडं घेतलं. त्यातलाही फाटला. जुलैत याच टेबलावर याच हातानं बारा काढले होते, एकाला धक्का न लावता.

सटवाजींना हाताचं कळत होतं. हात एकदा भ्याला की माणूस कितीही शिकलेला असो, उपयोग नसतो. वडील गेले त्या साली त्यांचा स्वतःचा हात चार महिने भ्यालेला होता. त्यांना त्या पोरीचा हेवा वाटत होता तो त्या हातामुळं, आणि तोच हात त्यांनी बिघडवला होता. हे त्यांना त्या दारात उभ्या उभ्या लख्ख कळलं. टेबलावर टाइप केलेला अर्ज पडला होता: विषय बदलून मिळावा, सिद्धेश्वर धरणातल्या माशांची पाहणी.

त्या दिवशी ते दारातूनच मागं फिरले. सुंभ जळला तरी पीळ जायला एक रात्र लागली.

बारा मार्चला सकाळी ती आली तेव्हा सटवाजींनी शेगडीवर काचेचं चंचुपात्र ठेवलेलं होतं. त्यात जारचं पाणी उकळत होतं.

"काय करून राहिले काका?"

"बस. बोलू नको. बघ."

पाणी आटत आटत तळाला गेलं. शेवटचा थेंब चर्र करून उडाला आणि काचेच्या बुडावर पांढरा खरखरीत थर राहिला. सटवाजींनी फडक्यानं पात्र धरून तिच्यासमोर ठेवलं.

"हेच पाणी तुझ्या कॅनमध्ये हुतं. कॉइल दिवाळीत जळाली. तवापासून मी जारचंच भरून राहिलो."

तिनं बोटाचं नख त्या थरावर ओढलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू मोरीपाशी घागरीचं सांगितलं त्या दिवशी."

"सोळा-सतरा दिवस झाले."

"व्हय."

"आणि नऊ तारखेला?"

सटवाजींना इथं खोटं बोलता आलं असतं. "बॅटरीचं पाणी आणलं हुतं, इकत," ते म्हणाले. "माझ्या हातानं व्हावं, तुझ्या न्हाई, म्हून. मला तुझं बघवत नव्हतं, पोरी. आल्या दिसापासून बघवत नव्हतं."

ऐश्वर्या रडली नाही आणि रागावलीही नाही. "सुया द्या," एवढंच म्हणाली.

त्यांनी चष्म्याची डबी दिली. उरलेला बॅटरीच्या पाण्याचा डबा पुढं केला, तो तिनं घेतला, झाकण उघडून वास घेतला, एक थेंब काचपट्टीवर टाकून शेगडीच्या उबेवर वाळवला आणि उजेडाकडे धरून बघितला. काच स्वच्छ होती. मग ती टेबलाशी बसली. पहिला गर्भ फाटला. दुसरा फाटला. सटवाजी भिंतीला टेकून उभे होते. तिसरा अख्खा आला. त्यानंतर फाटला नाही.

पंधरा तारखेला समितीसमोर तिनं स्वतः गर्भ काढले, स्वतः बशा लावल्या, आणि विषय तोच राहिला. किशनराव सरांना तिनं पाण्याचं सांगितलं, म्हणाली, "पाण्यात क्षार निघाले, सर." कुणी ओतलं, कुणाला माहीत होतं, याबद्दल चकार शब्द काढला नाही. कॉइल आठवड्यात आली. पण त्या दिवसापासून तिनं सटवाजींना 'काका' म्हटलं नाही. 'सरकटे' म्हणे, अदबीनं, 'तुम्ही' लावून. त्या अदबीपेक्षा तिनं चारचौघांत कान उपटले असते तर त्यांना हलकं वाटलं असतं.

सटवाजी मात्र रोज सकाळी पाणी करू लागले, आणि कॅन भरायच्या आधी एक थेंब काचपट्टीवर वाळवून उजेडात बघू लागले. पांढरी कडा दिसली की सगळं ओतून पुन्हा. कुणी सांगितलं नव्हतं. हेवा गेला का? तिच्या टेबलाभोवती पोरं जमली की अजूनही पोटात काहीतरी टोचे. पण मग ते थेंब बघायला जात. मेमध्ये कोमल माहेरपणाला आली तेव्हा त्यांनी तिला दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आणून दिला. तिनं भरला की नाही, ते अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांनी ऐश्वर्याचा प्रबंध बांधून आला. तिनं एक प्रत सटवाजींच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. आभाराच्या पानावर सरांचं नाव होतं, आईबापाचं होतं, आईच्या कोंबड्यांचंसुद्धा होतं. सगळ्यात खाली एक ओळ इंग्रजीत होती. कॉलेजातल्या क्लार्ककडून त्यांनी तिचा अर्थ दोनदा विचारून घेतला.

घरी नर्मदाबाईंनी ते पान शेजारच्या सुमनबाईंना दाखवलं, समोरच्यांना दाखवलं, देवळीतल्या फोटोपुढं ठेवलं. नवऱ्याचं नाव पुस्तकात छापून आलं होतं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "वाचा की एकदा, मराठीत सांगा."

सटवाजींनी चष्मा लावला. "डिस्टिल वॉटर: सटवाजी सरकटे, बारा मार्चपासून."

"आन् हाताचं? एवढा तुमचा हात मशहूर, ते काहूनच न्हाई लिव्हलं?"

"न्हाई लिव्हलं."

"आन् बारा मार्चपासूनच काहून? तुमी तं चोवीस वर्सं पाणी करून राहिले."

सटवाजींनी पुस्तक मिटलं. "तिनं लिव्हलं ते बराबर लिव्हलं," ते म्हणाले.